अळंबीचा फोटो वरून काढू नका

मृगाच्या दोन-चार दमदार सरी झाल्या की माझा फोन अळंब्यांनी भरून जातो. गंगापूर रोडच्या एखाद्या सोसायटीचं लॉन, पंचवटीत कुणाच्या तरी गॅलरीतली कुंडी, आडगावला मळ्यात गोठ्यामागे टाकलेला पेंढा, इगतपुरीच्या ट्रेकला दिसलेला सडका ओंडका, सगळीकडून फोटो येतात आणि सगळ्या फोटोंखाली एकच प्रश्न, "मॅडम, ही खायची का?" आणि जवळजवळ प्रत्येक फोटो वरून काढलेला, म्हणजे उभं राहून फोन खाली धरायचा आणि क्लिक. त्यात मला दिसते एक पांढरी किंवा तपकिरी गोल टोपी, बस्स. पांढऱ्या गोल टोपीखाली काय काय असू शकतं हे एकदा कळलं ना, की त्या फोटोवर हो किंवा नाही म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. उत्तम भाजी असू शकते, दिवसभर उलट्या करायला लावणारी असू शकते आणि लिव्हर निकामी करणारीही असू शकते.

माझं रोजचं काम द्राक्षाच्या रोगांचं आहे. नाशिकमध्ये राहून बुरशीवर काम करायचं म्हणजे तिच्याशी भांडायचंच काम, कारण निफाड, दिंडोरी, चांदवडकडे "बुरशी" म्हटलं की लोकांना फवारणीच आठवते. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा आली, रात्रभर पानं ओली राहिली की बागायतदाराची झोप उडते, पहाटे बॅटरी घेऊन बागेत फिरणारे लोक मी पाहिलेत. आणि त्यांच्याकडे बघूनच मला एक गोष्ट पक्की कळली. जुना जाणता बागायतदार पानापाशी आला की आधी काय करतो? पान उलटं करतो. वरच्या बाजूला पिवळट तेलकट डाग आणि नेमका त्याच्याखाली, मागच्या बाजूला, पांढरी कापसासारखी वाढ असेल तर डाऊनी, म्हणजे केवडा रोग. वरच्याच बाजूला राख भुरभुरल्यासारखं असेल तर भुरी. वरून नुसता डाग बघून कुणी औषध आणायला जात नाही.

आणि हा फरक किती खोल आहे बघा. डाऊनी करणारा प्लाझ्मोपॅरा व्हिटिकोला हा जीव खरं तर बुरशीच नाही, तो ऊमायसीट नावाच्या वेगळ्या गटातला, त्याच्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोज आणि नातं तपकिरी समुद्री शेवाळाशी जवळचं. भुरी मात्र खरी बुरशी, तिच्या भिंतीत कायटिन, जे किड्यांच्या कवचात असतं तेच. म्हणून भुरीवर चालणारी ट्रायझोल गटातली औषधं डाऊनीवर फुकट जातात, कारण ती बुरशीच्या पेशींच्या पडद्याला लागणारं एर्गोस्टेरॉल तयार होणं बंद पाडतात आणि डाऊनीच्या जीवाकडे एर्गोस्टेरॉल बनवायची सोयच नाही, मग बंद काय पाडणार. मेटॅलॅक्झिल या औषधाचं बरोब्बर उलटं, डाऊनीवर चालतं आणि भुरीला काहीच होत नाही. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मिलार्डे या फ्रेंच संशोधकाने १८८५ मध्ये जगापुढे मांडलं तेही डाऊनीसाठीच, आणि आजही आपल्याकडे ते ढवळलं जातं. सांगायचा मुद्दा हा की नाव चुकलं तर अख्खी फवारणी वाया जाते हे नाशिकच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही. तीच शिस्त रानातल्या अळंबीला लावली की झालं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तर पहिली गोष्ट, खाली बसा. अळंबी खालून बघायची असते. टोपीखाली गिल्स, म्हणजे पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे, आहेत की बारीक भोकं, की काटे. गिल्स देठाला चिकटलेत की मध्ये मोकळी जागा आहे. देठावर रिंग आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बुडखा. लोक अळंबी वरच्या वर खुडतात आणि ओळखीची निम्मी माहिती मातीतच राहते. चाकूने किंवा खुरप्याने बाजूची माती हळूच मोकळी करून अख्खी वर काढायची, कारण काही अळंब्यांचा बुडखा एका पांढऱ्या पिशवीत बसलेला असतो, तिला वोल्व्हा म्हणतात, आणि ती पिशवी दिसली की माझे कान टवकारतात.

त्र्यंबकच्या पुढे हरसूलकडे जाताना पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला रानभाज्या घेऊन बायका बसलेल्या असतात, त्यांच्यातल्या एका मावशीकडून मी बुडख्याबद्दल जे शिकले ते कुठल्या प्रॅक्टिकलमध्ये शिकले नव्हते. सागाच्या पानावर अळंब्या मांडलेल्या, प्रत्येकीला खाली वीतभर लांब मुळासारखी शेपटी, मातीसकट. मी म्हटलं, "मावशी, ही एवढी शेपटी कशाला ठेवता, वजन होतं की." ती म्हणाली, "अवो ताई, शेपटी बघूनच तर घेत्यात. वारुळाची हाये ही. शेपटी नसंल तर आमी हातबी नाय लावत." मग मी विचारलं वारूळ कुठलं, तर ती नुसती हसली. ते कुणी सांगत नाही, आणि सांगूही नये, त्या घराची ती दरवर्षीची मिळकत असते.

त्या शेपटीमागची गोष्ट मला आजही वेड लावते. ही टर्मिटोमायसिस. वाळवी वारुळाच्या आत हिची शेती करते, अगदी शब्दशः शेती. कामकरी वाळवी वाळका पाला, लाकूड खाऊन येते, अर्धवट पचलेला माल आत रचून स्पंजासारखे गड्डे तयार करते आणि त्यावर ही बुरशी वाढते. लाकडातलं लिग्निन वाळवीला एकटीला पचवता येत नाही, ते बुरशी मोडून देते आणि मग वाळवी ते गड्डे खाते. आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी ही भागीदारी सुरू झाली असं डीएनएच्या अभ्यासातून दिसतं, म्हणजे माणसाने पहिलं बी पेरलं त्याच्या कितीतरी आधी. पावसाळ्यात जमीन मऊ झाली की त्या गड्ड्यावरून अळंबी वर यायला निघते, वाटेत जेवढी माती तेवढी शेपटी लांब, आणि टोपीच्या मधोमध एक टोकदार कडक उंचवटा असतो, तो माती फोडायला. म्हणून मावशीची शेपटी म्हणजे जमिनीखालच्या वारुळापर्यंत गेलेला पुरावा आहे. आणि या अळंबीची शेड बांधून व्यापारी शेती अजून कुणाला जमलेली नाही, वाळवीला जमते ते आपल्याला नाही.

पण इथेच थांबायचं नाही. मुळासारखी शेपटी इतरही काही अळंब्यांना असते, ऊडेमान्सिएलाच्या गोतावळ्यात असते, ती जमिनीत गाडल्या गेलेल्या लाकडावरून किंवा मुळावरून येते. आणि उलट टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस नावाची नखाएवढी बारकी जात वारुळाच्या आसपास शेकड्यांनी उगवते, वाळवीने गड्ड्याचे तुकडे बाहेर आणून टाकले की त्यावर, तिला शेपटी नसते. म्हणजे एका खुणेवर काही ठरत नाही. मावशी एका खुणेवर ठरवतच नाही, शेपटीबरोबर तिला ते वारूळ माहीत असतं, तो बांध माहीत असतो, कुठल्या नक्षत्राच्या पावसात ती निघते ते माहीत असतं, वास माहीत असतो, आणि आजीपासून ती तिथलीच खाल्ली जातेय हे माहीत असतं. तिचं ज्ञान पक्कं आहे, पण ते त्या रानापुरतं पक्कं आहे, आणि हे तीही जाणून असते.

हे मी का एवढं ताणून सांगतेय, तर जगातल्या सगळ्यात वाईट विषबाधा नेमक्या ओळखीचं रान सुटलं की होतात. भाताच्या पेंढ्यावर येणारी व्हॉल्व्हॅरिएला, आपल्याकडे इगतपुरी-घोटीच्या भातपट्ट्यात पेंढा कुजला की दिसते, आग्नेय आशियात ती मोठ्या आवडीने खातात. तिला बुडाशी पिशवी असते. अमॅनिटा फॅलॉइड्स, जिला इंग्रजीत डेथ कॅप म्हणतात, ती मूळची युरोपातली, तिलाही बुडाशी पिशवी असते. आशियातून अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात गेलेल्या लोकांनी तिथे गवतात, ओकच्या झाडाखाली ही दुसरी बघितली, आपल्या गावचीच वाटली, शिजवली आणि जीव गेले. ज्ञान खरं होतं, गाव बदललं होतं. दोघींतला फरक फोटोत वरून दिसत नाही. व्हॉल्व्हॅरिएलाच्या देठाला रिंग नसते आणि बीजाणू, म्हणजे बुरशीचं धुळीसारखं बारीक बी, गुलाबी असतात, अमॅनिटाच्या देठाला सहसा रिंग असते आणि बीजाणू पांढरे. त्यातही कोवळी, अंड्यासारखी बंद असताना तर दोघी सारख्याच.

आणि ते विष साधं नाही. डेथ कॅपमधलं हे अमाटॉक्सिन शिजवून जात नाही, वाळवून जात नाही, फ्रीझरमध्ये ठेवूनही जात नाही. खाल्ल्यावर पहिले सहा-बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग मधे एखादा दिवस बरं वाटतं, लोक डिस्चार्ज घेऊन घरीसुद्धा येतात, आणि त्याच वेळी आत लिव्हरच्या पेशींचं काम ठप्प होत असतं, कारण हे विष जनुकांवरून संदेश उतरवणारं एन्झाइमच, आरएनए पॉलिमरेज दोन, अडवून धरतं. आसामात चहामळ्यातल्या मजुरांच्या घरात रानअळंबी खाऊन मृत्यू झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. म्हणून चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण टाकून बघायचा, किड्यांनी खाल्ली असेल तर चांगली, हे सगळं कृपा करून डोक्यातून काढा. अमाटॉक्सिनने चांदी काळी पडत नाही, आणि गोगलगायी अमॅनिटा खुशाल खातात. कुणाला अळंबी खाऊन त्रास झालाच तर थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा आणि उरलेली कच्ची अळंबी कागदात गुंडाळून बरोबर न्या, प्लॅस्टिकमध्ये नको, घाम येऊन सडते.

आता बीजाणूंच्या रंगाकडे येते, कारण माझा खरा आनंद तिथे आहे. घरी कुणालाही करता येतं. देठ कापायचा, टोपी गिल्स खाली करून कागदावर ठेवायची, कागद अर्धा पांढरा अर्धा काळा घ्यायचा म्हणजे पांढरे बीजाणू काळ्यावर दिसतात, वरून वाटी पालथी घालायची आणि रात्रभर पंख्यापासून लांब ठेवून द्यायची. सकाळी टोपी उचलली की खाली गिल्सचा हुबेहूब ठसा उमटलेला असतो, रेघन् रेघ. शेतात शेणखताजवळ येणाऱ्या अगॅरिकसचा चॉकलेटी, वारुळाच्या अळंबीचा फिकट गुलाबी, काही कोप्रिनसचा चक्क काळा. आणि लॉनवरच्या त्या मोठ्या पांढऱ्या, तपकिरी खवले असलेल्या, जिचे सगळ्यात जास्त फोटो मला येतात, तिचा ठसा मळकट हिरवा. ती क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. कोवळी असताना गिल्स पांढरेशुभ्र, अगदी बाजारातल्या मशरूमसारखी दिसते, आणि खाल्ली की एक ते तीन तासांत पोटाचे भयंकर हाल. हिरवा ठसा मोठ्या अळंब्यांत इतका दुर्मीळ आहे की तो दिसला की दुसरं नाव सुचतच नाही. नाशिकच्या कॉलेज रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या लॉनवर ही कायम असते, कधी गोल रिंगण करून, मुलांना ते रिंगण नक्की दाखवा, हात लावला तर काही होत नाही, फक्त तोंडात जाऊ द्यायची नाही.

हा ठसा पडतो कसा हेही सांगितल्याशिवाय राहवत नाही. बीजाणू नुसते गळत नाहीत, फेकले जातात. प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब तयार होतो, तो बीजाणूच्या अंगावरच्या पाण्याच्या पापुद्र्याला टेकला की क्षणात त्यात मिसळून जातो आणि त्या पृष्ठताणाच्या झटक्याने बीजाणू उडतो, गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट वेगवर्धनाने. उडतो किती, तर मिलिमीटरचा अगदी छोटा भाग, बरोब्बर दोन गिल्सच्या मधल्या मोकळ्या जागेत, आणि तिथून सरळ खाली. जास्त उडाला असता तर समोरच्या गिलला चिकटला असता. या थेंबाला बुलरचा थेंब म्हणतात, रेजिनाल्ड बुलर या कॅनडात राहून काम केलेल्या शास्त्रज्ञाच्या नावावरून, त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तासन् तास बसून हे बघितलं. मी मायक्रोस्कोपखाली गिलची पातळ चकती ठेवते तेव्हा कडेला चार चार बीजाणू काठ्यांवर बसलेले दिसतात, त्यांचा आकार मायक्रॉनमध्ये मोजायचा, आयोडीनवालं मेल्झर द्रावण टाकून निळे होतात का बघायचं, आणि हे करताना रात्रीचे किती वाजले ते कळत नाही. घरचे आता जेवायला हाक मारून ताट झाकून ठेवतात.

खाण्याचा प्रश्न बाजूला ठेवला ना की हे जग अचानक खूप मोठं होतं. गॅलरीतल्या कुंडीत जी लिंबासारखी पिवळी नाजूक अळंबी येते ती ल्युकोकोप्रिनस बर्नबामी, खायची नाही, पण तुळशीला, गुलाबाला तिचा काडीचा त्रास नाही, उपटून फवारा मारायची गरज नाही. आंब्याच्या पडलेल्या फांदीवरचे छोटे पांढरे लोकरी पंखे म्हणजे शायझोफायलम कम्यून, उन्हाळ्यात वाळून मिटलेले असतात आणि पाऊस पडला की परत उघडून कामाला लागतात, आणि या एका जातीत वीस हजारांहून जास्त लिंगप्रकार आहेत, म्हणजे भेटेल त्या जवळजवळ कुणाशीही जोडी जमते. गुलमोहराच्या बुंध्याशी लाखेसारखी चकचकीत तपकिरी गॅनोडर्मा दिसली तर मात्र लक्ष द्या, झाड मुळाशी कुजायला लागलेलं असू शकतं, आणि पार्किंग त्या झाडाखाली असेल तर वादळाच्या आधी झाडाची तपासणी करून घ्या.

आणि आपला जिल्हा तर यासाठी सोन्यासारखा आहे. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, जिथे आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि पूर्वेला सिन्नर, येवला, मालेगाव, जिथे ढग नुसते वरून जातात. अंजनेरीला लोक पावसाळा संपता संपता सेरोपेजियाची दुर्मीळ फुलं बघायला येतात, कॅमेरे, ट्रायपॉड, पोटावर झोपून फोटो, आणि त्याच लोकांच्या कोपराखाली सडक्या काटकीवर सहा प्रकारच्या बुरश्या असतात. मी त्यांना तिथेच थांबवून दाखवते, बहुतेक जण अर्धा तास हलत नाहीत. पूर्वेच्या माळरानावर वेगळीच मजा, वारुळाजवळ पोडॅक्सिस, टोपी कधीच छत्रीसारखी उघडत नाही, बंद पांढरी कांडी उभी, आणि आत काळपट बीजाणूंची भुकटी, कोरड्या प्रदेशात ओल टिकवायची ही रीत. शंभर किलोमीटरच्या आत एवढा फरक बघायला मिळतो.

जगात बुरशांच्या साधारण दीड लाख जातींना नावं मिळालीत आणि २०१७ मध्ये मांडलेला अंदाज आहे २२ ते ३८ लाखांचा. म्हणजे तुमच्या बांधावरची अळंबी अजून कुणी नोंदलेलीच नाही ही शक्यता खरीखुरी आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीशास्त्रज्ञ आजरेकरांच्या नावाने बुरशांचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे, देशाचा जिवंत बुरशी-संग्रहही तिथेच आहे, आणि २०१२ पासून आयटीएस नावाचा डीएनएचा तुकडा बुरशांची ओळख पटवायला जगभर मानला जातो, त्यामुळे वाळवून नीट ठेवलेला नमुना पुढे दहा वर्षांनीही बोलू शकतो. पण नमुन्याबरोबर चिठ्ठी हवी, कुठे, कधी, कशावर, कुठल्या झाडाखाली, वास कसला. चिठ्ठी नसलेली वाळकी अळंबी म्हणजे कचरा.

तर यंदा फोटो पाठवणार असाल तर असे पाठवा. एक वरून, चालेल. एक खालून, गिल्स दिसतील असा. एक अख्खी मुळासकट बाहेर काढून, बुडखा पूर्ण दिसेल असा, शेजारी नाणं ठेवून. एक ती जिथे उगवलीय त्या जागेचा, वारूळ, पेंढा, शेण, लाकूड जे असेल ते. उभी मधोमध कापून आतला रंग बदलतोय का ते दोन मिनिटं थांबून बघा आणि लिहा. रात्रभर ठसा घ्या आणि सकाळी त्याचाही फोटो. एक-दोनच काढा, बाकी तिथे राहू द्या, आणि वनखात्याच्या राखीव जागेत परवानगीशिवाय काही उचलू नका, तिथे फोटोच घ्या. खायची का याचं उत्तर मी फोटोवरून कुणालाही देणार नाही, बहिणीलाही देत नाही. नाव काय असेल, निदान कुठल्या कुळातली असेल, यावर मात्र कितीही वेळ बोलायला तयार आहे. आणि येवला, नांदगाव, मालेगावकडच्या लोकांनो, माळावर बंद पांढरी कांडी दिसली तर आवर्जून कळवा, तिकडच्या नोंदी माझ्याकडे फार कमी आहेत.